हेरंबची घडी

पन्हाळ्याच्या उतारावरच्या स्मृती-संशोधन प्रयोगशाळेत डॉ. झरीना मुजावर यांनी शीतकपाट उघडलं आणि हेरंबच्या नावाची कुपी रिकामी दिसली. चोर शोधायला लांब जायची गरज नव्हती. हेरंबची बायको, डॉ. शर्वाणी, समोरच चहा पीत बसली होती, आणि नवरा गेल्यापासून आज पहिल्यांदाच तिचा चेहरा फुललेला होता.

"घेतलंस?"

"नाकावाटे. होता तेवढा एकच थेंब. महिना झाला असेल."

"अगं, अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"रागव, पण ऐक तरी. लग्नात अंतरपाट दूर झाला ना, तेव्हाची मी मला दिसते. मुंडावळ्या सावरताना. झरीना, तो माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होता!"

झरीनाला क्षणभर तिचा हेवा वाटला आणि लगेच भीतीही वाटली. हे प्रथिन दोघींनी मिळूनच शोधलं होतं. मेंदूतल्या 'स्मृतिधर' प्रथिनाची साखळी सगळ्या माणसांत सारखीच असते. फरक फक्त ती दुमडते कशी, याचा. प्रत्येक आठवण म्हणजे तिची एक वेगळी घडी, आणि ती मृत्यूनंतरही मोडत नाही. हेरंबने मोठ्या हौसेनं आपला मेंदू प्रयोगशाळेला देऊन टाकला होता; कुपीत होतं ते त्यातलंच प्रथिन.

"थेंब हा थेंबच राहील असं वाटलं तुला?" झरीना म्हणाली. "एक प्रथिन शेजारच्याला आपल्यासारखं दुमडतं, ते त्याच्या शेजारच्याला. विरजण आहे हे. थेंबभर पुरतं, आणि मग दूध उरत नाही."

"मग माझ्या सगळ्या आठवणी जाणार?"

"सगळ्या नाही. शाळा, माहेर शाबूत राहील. त्याची घडी बसायला तुझ्याकडे जवळपास तशीच घडी लागते. म्हणजे जे प्रसंग तुम्ही दोघांनी मिळून पाहिले, तेवढेच. तिथलं तुझं जाऊन त्याचं बसतं." तिने 'घडीमोड' द्रावण सिरिंजमध्ये भरलं. "यानं त्याचं सगळं उलगडेल, तुझं उरलेलं वाचेल. आधी सांग, हेरंब हसला की कसा दिसायचा?"

"म्हणजे काय, तो..." शर्वाणी थांबली.

तिने लग्न आठवून पाहिलं; समोर ती स्वतःच. पहिलं भांडण आठवलं. रागानं लाल झालेलं तिचंच नाक. आंबोलीच्या धबधब्याखाली किंचाळणारीही तीच. आपला चेहरा कुणी आठवणीत साठवत नाही. हेरंबनेही साठवला नव्हता.

झरीनाने फोनवर त्याचा हसरा फोटो दाखवला. कुणीतरी सभ्य, परका गृहस्थ होता. शर्वाणीला रडू फुटलं.

"शोध अजून," झरीना तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "त्याचा चेहरा असलेली एखादी तरी आठवण असेल."

शर्वाणीने डोळे मिटून एकेक आठवण चाळली. मग ती पुटपुटली, "आहेत. दुपारी सोफ्यावर झोपलेला. दवाखान्यात शुद्ध हरपलेला. आणि तिरडीवरचा."

झरीनाचा हात थबकला. त्या वेळी हेरंब काहीच पाहत नव्हता. त्याची घडी पडली नव्हती, म्हणून हिची वाचली होती.

"औषध घेतलं तर एवढंच उरेल ना?" शर्वाणीने विचारलं.

"हो."

"आणि नाही घेतलं तर?"

"तो तुला बघत राहील. तुला मात्र तो दिसणार नाही."

शर्वाणीने दंडावर सरकवलेली बाही खाली ओढली.

"बघू दे त्याला," ती म्हणाली.