खिडकीजवळची खुर्ची

"दगडूला आज चार वाजता नेणार आहेत," दारात उभी राहूनच एक तरुण बाई म्हणाली. "त्याच्या आत काहीतरी करा."

"दगडू कोण?" अण्णांनी विचारलं.

"कासव. माझ्या माहेरचं."

अण्णांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांना सगळे माई म्हणत. वीस वर्षं प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळून माई आता खाजगी चौकशा करत. टायपिंगचे निवृत्त मास्तर असलेले अण्णा त्यांच्याबरोबर हिंडत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

"बसा," माई म्हणाल्या. "कासवाने काय केलं?"

"चावला. तिघांना. बावीस वर्षांत कधी कुणाला तोंड लावलं नव्हतं त्याने. पहिल्यांदा सासूबाईंना. मग नणंदेला. या मंगळवारी पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. सासूबाईंच्या भावाची बाग आहे, तिथे त्याला सोडायचं ठरलंय. तिथे दोन मोठे कुत्रे आहेत हो!"

"कुठे चावला?"

"पायाच्या अंगठ्याला. तिघांच्याही."

माईंनी कपाटातून भिंग घेतलं. "चला."

घराच्या खालच्या मजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान होतं. पुठ्ठ्यांच्या आणि खळीच्या वासातून जिना चढून ते वर आले. दगडू बाल्कनीत उन्हात पसरला होता. समोरच्या पाल्याला त्याने जेमतेम तोंड लावलं होतं.

"खात नाही?"

"निम्मं टाकतो. आजारी असेल म्हणून वजन केलं, तर महिन्यात नव्वद ग्रॅम वाढलंय." सूनबाईंनी एक वही दाखवली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेचं वजन लिहिलेलं होतं, माहेरच्या दिवसांपासूनचं.

"उपाशी राहून जाड होतोय," अण्णा म्हणाले. "आमच्या शेजारणीचंही तेच म्हणणं असतं."

माईंनी दगडूला दोन्ही हातांनी उचललं. चोच, डोळे, पायांचे सांधे तपासले. बोट त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने शांतपणे मान वळवली.

"दुखत काही नाही. हातावर रागही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आता माणसं बघू."

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. पाय पुढे करून त्यांनी पट्टी दाखवली.

"तुम्ही कासवाची वकिली करायला आलात ना? करा. पण घरात अनवाणी चालायची चोरी झालीय मला."

"चावला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? जेवत होते! दुपारी एकला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, वारा येतो म्हणून."

"नेहमी तिथेच बसता?"

"छे, ती यांची जागा. हे घरी नसले की मिळते." त्या जरा मवाळल्या. "यांना डॉक्टरांनी पथ्य दिलंय. दुपारी वाटीभर उकडलेली गाजरं. जन्मात गाजर न खाल्लेला माणूस, पण पाच आठवडे झाले, पाच मिनिटांत वाटी चकाचक! मी तर सगळ्या मैत्रिणींना सांगितलं."

नणंद बाहेरच्या खोलीत व्हायोलिनच्या तारा बदलत होती. तिच्या पायाच्या नखांना लालभडक रंग होता. अण्णांनी माईंना कोपर मारलं.

"तुम्हीही खिडकीजवळ बसला होता?" माईंनी विचारलं.

"हो. शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला. खुर्ची ओढली आणि हा रणगाडा बाल्कनीतून थेट टेबलाखाली! मला वाटलं, प्रेमाने येतोय."

"आणि पंखेवाला?"

"दुपारी काम संपवून पाणी प्यायला टेकला होता. कुठे ते विचारू नका, तिथेच. मला वाटतं, आई केरसुणीने बिचाऱ्या दगडूला ढोसते, म्हणून तो पिसाळलाय. पण माझं नाव सांगू नका हं."

बाहेर येताच अण्णा कुजबुजले, "लाल नखं! कासवाला टोमॅटो वाटला असणार. प्रकरण मिटलं."

"तुमची कल्पना वाईट नाही. लाल रंगाने कासवं फसतात खरी. पण सासूबाईंच्या नखांना रंग नाही, अण्णा. पंखेवाल्याच्याही नसावा."

सासरे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. घरातही त्यांच्या पायात जाड चामड्याचे बूट होते.

"गुडघे," ते म्हणाले. "वाकता येत नाही. बुटांचे बंदही मुलगा बांधतो. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी व्यायामाला जातो, तिथल्या बाई म्हणाल्या, आधाराचे बूट घाला."

"दगडूबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"मुकं जनावर हो. आठवडाभर थांबा, म्हणतोय मी. पण माझं ऐकतो कोण?" त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"गाजरं आवडायला लागली म्हणे?"

"न आवडून सांगतो कुणाला?"

माईंच्या हातातला रुमाल खाली पडला. तो उचलताना त्यांनी भिंगातून उजव्या बुटाचं टोक पाहिलं. शिवणीत नारिंगी काहीतरी वाळून बसलं होतं.

एक वाजता माईंनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. खिडकीजवळच्या खुर्चीत अण्णांना बसवलं. दारात काढलेले काळे बूट त्यांना पुन्हा घालायला लावले.

"खुर्ची जरा ओढून घ्या," माई म्हणाल्या. "आणि हलू नका."

खुर्ची करकरली. बाल्कनीत दगडूने मान वर केली. मग तो निघाला, कासवाला शोभणार नाही अशा वेगाने. टेबलाखाली शिरला आणि त्याने अण्णांच्या बुटाचं टोक कचकन धरलं.

"माई! हा मला खातोय!"

"बुटाला चाखतोय. रंग काळा आहे, म्हणजे लाल नखांचा प्रश्न संपला." माई उभ्याच होत्या. "तिघांनाही दुपारीच, एकाच खुर्चीत, पायाला चावा बसला. हात पुढे केला तर दगडू मान वळवतो. म्हणजे त्याला माणसांचा राग नाही. या खुर्चीखालच्या पायाकडून त्याची काहीतरी अपेक्षा आहे."

"कसली?" सासूबाईंनी विचारलं.

"खाण्याची. तो पाला टाकतो, तरी वजन वाढतं. कुणीतरी त्याला भरवतंय. चावे मंगळवारी आणि शुक्रवारी बसले. त्या दिवशी या खुर्चीचे मालक घरी नसतात. रोजचा घास आला नाही की दगडू समोर दिसेल त्या अंगठ्यात तो शोधतो. त्याच्या लेखी खुर्चीतून पुढे आलेला पाय म्हणजे ताट."

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या.

"पण बाबांना वाकता येत नाही," सूनबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर! हाताने भरवता येत नाही. मग गाजराची चकती बुटाच्या टोकावर टाकायची. चामडं जाड, चावा कळत नाही. उजव्या बुटाच्या शिवणीत गाजर अजून आहे."

सासऱ्यांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

"एकच चकती खाली पडली होती पहिल्यांदा," ते म्हणाले. "त्याने इतकी आवडीने खाल्ली... मग सवय लागली. दोघांनाही. सूनबाई, मी आज चारच्या आत सांगणारच होतो. शब्द जुळवत होतो."

"पाच आठवडे!" सासूबाई म्हणाल्या. "पाच आठवडे मी गावभर कौतुक करत फिरले!"

सूनबाईंनी दगडूला उचलून छातीशी धरलं होतं. "माई, ही सवय जाईल?"

"जाईल. उकडलेलं गाजर बंद. पाला रोज बाल्कनीतच, पसरट दगडावर, आणि तुम्ही जेवायला बसायच्या आधी. हाताने नाही, पायाने तर नाहीच. महिनाभर जेवताना बाल्कनीचं दार लावून घ्या, आणि सगळ्यांनी पायात बूट घाला. चावला तर ओरडू नका, मारू नका, पाय हिसकू नका. सोडेपर्यंत थांबायचं. खुर्चीखाली काही मिळत नाही हे कळलं की तो येणं सोडेल. केरसुणीने ढोसलं तर मात्र खरोखर चिडेल."

सासूबाईंनी मुलीकडे रोखून पाहिलं. मुलगी व्हायोलिनच्या दिशेने चालू लागली.

सूनबाई सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. सासूबाई उठल्या, पट्टीचा पाय टेकत फोनपाशी गेल्या आणि नंबर फिरवला.

"मी बोलतेय रे. चारला येऊ नकोस. कासव आमच्याकडेच राहणार... नाही, त्याची काही चूक नव्हती."

पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं.

"कुणाची होती ते मग सांगते," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "इथेच बसलेत."