गुरुवारचे अकरा फोन

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर सिंहासन!

तसं लाकडीच, वरून सोनेरी रंग फासलेलं, एका लंगड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. तळघरातल्या सामानाच्या खोलीतून ते सहाव्या मजल्यावरच्या स्टुडिओत निघालं होतं. लिफ्टमध्ये उभं राहायला जागा उरली नव्हती म्हणून असेल, पण त्यावर एक माणूस चक्क मांडी घालून बसला होता. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल.

"या," तो अंग चोरत म्हणाला. "आज दरबारात जरा दाटी आहे."

नोंदवही छातीशी धरून ती कशीबशी आत शिरली. मजल्यांची बटणं नेमकी त्याच्या खांद्यामागे.

"चौथा मजला… महाराज."

त्यानं बटण दाबलं. बोटावर शाईचा डाग होता. लिफ्ट दोन मजले चढली. मग तो एकदम म्हणाला, "एक विचारू? राणी चिडलीय. पण दरबार भरलाय. ती बोलेल, की गप्प बसेल? तुमचं काय म्हणणं?"

ती दचकली. पाच वर्षं ती टीव्ही वाहिनीच्या या इमारतीत फोन उचलत होती. दिवसाला साठ-सत्तर माणसं आपापलं म्हणणं तिच्या कानात ओतायची. तिचं म्हणणं काय, हे आजवर एकानंही विचारलं नव्हतं.

"गप्प बसेल," ती म्हणाली. "पण बोटातली अंगठी फिरवत राहील. तोंड आवरता येतं हो… हातांना कोण आवरणार?"

त्याची नजर तिच्या हातांवर गेली. बोटं नोंदवहीच्या दोरीशी चाळा करत होती.

"तुम्ही आत्ता चिडलाय का?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि चौथा मजला आला.

चौथ्या मजल्यावर प्रेक्षक कक्ष होता. नाव भारदस्त, पण खोली एक, टेबलं दोन, फोन दोन. एकावर ती, दुसऱ्यावर काकू. काकू तिथं वीस वर्षं होत्या. समोरचा कितीही तापला तरी त्या थंडपणे "बरं… बरं… मग?" म्हणत राहायच्या, आणि फोन ठेवल्यावर मनसोक्त शिव्या घालायच्या. नोंदवहीत तीन रकाने होते : कौतुक, तक्रार, सूचना. दर सोमवारी त्या सगळ्याचा एक कागद होऊन वर बैठकीत जायचा. नियम एकच, पण कडक. इमारतीत काम करणाऱ्यांचे फोन मोजायचे नाहीत.

तेव्हा सगळे फोन एकाच मालिकेसाठी वाजत होते. साडेसातची, राजवाड्याची. तिच्यात एक मुलगी होती, दरबाराची रोजनिशी लिहिणारी. दिसायला साधी, हुद्द्यानं लहान, पण राजानं अन्याय केला की लेखणी उचलून ती शांतपणे विचारायची, "महाराज, हे मी लिहून ठेवू का?" आणि राजाची पाचावर धारण बसायची! घरोघरी ते वाक्य गेलं. लोक तिला नुसतं 'रोजनिशीवाली' म्हणत.

मग मालिकेची कथा ठरवणाऱ्या मोठ्या बाई बदलल्या. नव्या बाईंना वाटलं, चांगुलपणा फार झाला. कथा पंधरा वर्षं पुढे गेली आणि रोजनिशीवाली एका रात्रीत कपटी झाली. डोळ्यांत भडक काजळ, ओठ मुडपलेले. खोट्या नोंदी करून माणसांना तुरुंगात धाडणारी.

फोन तापले. "आमच्या पोरीला काय केलंत हो?" एक बाई तर रडल्याच. घरी आईनं टीव्हीवर टॉवेल टाकला. "सांग तुझ्या त्या बाईंना," ती म्हणाली, "माणूस बिघडतं, पण असं दूध नासल्यासारखं नाही."

"आई, माझं कोण ऐकतंय? मी फक्त लिहून घेते."

"ती तरी दुसरं काय करायची?" आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. वाक्य मात्र लेकीच्या मनात रुतून बसलं.

याच दिवसांत गुरुवारचे फोन सुरू झाले. एका गुरुवारी निवृत्त मास्तर. खोकत खोकत, पण बोलणं कसं मुद्देसूद! पुढच्या गुरुवारी एक किराणा दुकानदार. त्याच्या पुढच्या गुरुवारी कोणा वकिलाचा कारकून. मग पुन्हा मास्तर… तिघांचंही गाऱ्हाणं रोजनिशीवालीचंच. आणि तिघेही शेवटी विचारायचे, "ते असू दे. तुमचं काय म्हणणं?"

ती सांगू लागली. आधी चाचरत, मग भरभरून. राजवाड्यावरून गोष्ट तिच्या आईवर जायची, आईवरून गॅलरीतल्या सुकलेल्या जाईवर. गुरुवारी ती नकळत नीट केस विंचरून यायला लागली.

"फोनवर केस दिसतात वाटतं?" काकू म्हणाल्या.

"काकू!"

"मी काही बोलले नाही. मी आपलं लिहून ठेवते."

अकराव्या गुरुवारी मास्तरांचा पारा चढला होता. "अहो, शेवटी विष? एवढ्याशा राजपुत्राच्या दुधात? आणि तेही तिच्या हातून? हद्द झाली!"

तिची पेन्सिल थांबली. "मास्तर… दुधातलं विष कुठं पाहिलंत तुम्ही?"

"कुठं म्हणजे? टीव्हीवर."

"तो भाग उद्या दाखवणार आहेत."

पलीकडून खोकलासुद्धा नाही. मग हळूच फोन ठेवल्याचा आवाज.

तिनं नोंदवही उचलली. "काकू, माझाही फोन बघा जरा. सहाव्या मजल्यावर जाऊन येते."

स्टुडिओमागच्या छोट्या खोलीत तो बसला होता. कानामागे पेन्सिल, समोर फोन, आणि चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"मास्तर, खोकला कसा आहे?" तिनं दारातूनच विचारलं. "आणि दुकान? कारकुनाची नोकरी टिकून आहे ना?"

"तुम्ही… बसा ना."

"मी आत्ता चिडले आहे. उभीच बरी."

त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. नोंदवहीची दोरी गरगर फिरत होती.

"ती मुलगी मी लिहिली," तो खाली बघत म्हणाला. "पहिल्या वाक्यापासून. आता तिला विष कालवायला लावायचं आणि पुढच्या महिन्यात कड्यावरून ढकलायचं, हेही मलाच लिहायचंय. बाईंना तीनदा नाही म्हणालो. लेखकाचं कोण ऐकतं? म्हटलं, प्रेक्षकांचं तरी ऐकतील."

"म्हणून खोटे प्रेक्षक?"

"पहिला फोन तिच्यासाठीच केला होता, शपथेवर सांगतो. पण उचलणारा आवाज ओळखीचा निघाला… अंगठीवाला. बाकीचे दहा फोन…" तो थांबला. "बाकीचे दहा तिच्यासाठी नव्हते."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिनं नोंदवही टेबलावर उघडली, त्याच्याच कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि एकेक पान उलटत त्याचे फोन खोडायला लागली. एक… दोन… अकरा. प्रत्येकापुढे सही.

"अहो, हे काय? ते तर आपल्याच बाजूचे होते!"

"म्हणून तर खोडले. तीनशे एक माणसं खरं बोललीत. तुमच्या अकरांमुळे ती सगळी खोटी ठरतील."

"मग आता तिला कोण वाचवणार?"

"तीनशे एक जण," ती म्हणाली आणि पेन्सिल परत कानामागे खोचून निघाली. बोट कानाला निसटतं लागलं. दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

त्या दिवसापासून तिनं कंबर कसली. आजवर या खोलीत फोन यायचे, इथून कधी जात नसत. आता ती नोंदवहीतले नंबर लावू लागली. प्रत्येकाला एकच प्रश्न. तोच, त्याचा. "तुमची तक्रार मिळाली. आता सांगा, तिचं पुढे काय व्हावं? तुमचं काय म्हणणं?"

शनिवारी सुट्टी होती, तरी आली. रविवारीही आली. काकू "मला काय वेड लागलंय?" म्हणत होत्या, पण रविवारी सकाळी डबा घेऊन त्याही हजर! दुपारपर्यंत तिचा घसा बसला. तेवढ्यात दारात एक थर्मास ठेवलेला दिसला. आत गरम पाणी आणि मध, वर चिठ्ठी : 'एका निवृत्त मास्तरांकडून. मोजू नये.'

ती एकटीच हसली. मग पुढचा नंबर लावला.

सोमवारी कागद पाठवण्याऐवजी ती स्वतःच बैठकीत गेली. लांब टेबल, एका टोकाला मोठ्या बाई, दुसऱ्या टोकाला मान खाली घातलेला तो.

"कागद ठेवा आणि जा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, आज मी वाचून दाखवणार आहे."

"चिडक्या लोकांच्या फोनवर मालिका चालत नाही."

"मग पाच मिनिटांच्या वाचनानं ती बंदही पडणार नाही. ऐकून तरी घ्या."

कोणीतरी खुदकन हसलं. ती वाचू लागली. हॉस्पिटलमधल्या एका नर्सचं : "मोठ्या डॉक्टरांना चूक दाखवायची वेळ आली की मी मनात तिचंच वाक्य म्हणायचे. आता काय म्हणू?" एका गाडी दुरुस्त करणाऱ्याचं : "बिघडू दे की. पण का बिघडली ते दाखवा. इंजिनसुद्धा उगाच बिघडत नाही." आणि एका आजींचं, जसंच्या तसं : "मला बाई ती वाईटच आवडते. एवढी वर्षं चांगली वागून तिला काय मिळालं?"

मोठ्या बाई हसल्या. "हेही वाचलंत?"

"तेही खरंच आहे."

"आणि यात घरचे फोन किती?" बाईंचा आवाज एकदम धारदार झाला. "सहाव्या मजल्यावरून चौथ्यावर दर गुरुवारी फोन जातो, हे मला कळत नाही असं वाटतं का?"

टेबलाच्या टोकाला पेन्सिल खाली पडली. तो उठायला लागला. तिनं डोळ्यांनीच त्याला बसवलं.

"अकरा होते," ती म्हणाली आणि नोंदवही बाईंपुढे सरकवली. "गुरुवारीच खोडलेत. प्रत्येकापुढे माझी सही आहे. राहिलेल्यांतल्या कुठल्याही नंबरवर तुम्ही आत्ता, इथूनच फोन लावा."

बाईंनी पानं उलटली. एक, दोन, पाच. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"ही कोण?"

"दहावीतली मुलगी."

बाईंनी स्वतःच वाचलं, सावकाश. "तिला कड्यावरून ढकलू नका. तिनं दूध ओतून द्यावं, आणि आपलं पाप आपल्याच वहीत लिहावं. सगळ्यांचं लिहिलं ना तिनं? मग आता स्वतःचं."

त्यांनी नोंदवही मिटली. मग लेखकाकडे वळल्या. "जमेल?"

"जमेल," तो म्हणाला. त्यानं पडलेली पेन्सिल उचलली.

"चार भाग देते. सोडून गेलेले प्रेक्षक परत आले नाहीत, तर कडा आहेच." आणि तिच्याकडे न बघता, "पुढच्या सोमवारी कागद पाठवू नका. तुम्हीच या."

चौथा भाग पुढच्या आठवड्यात, बुधवारी दाखवला. राजवाड्याच्या रिकाम्या दालनात रोजनिशीवाली वहीपुढे बसली. काजळ पुसलेलं, बोटं अंगठीशी चाळा करणारी. कितीतरी वेळ ती गप्पच होती… मग स्वतःलाच म्हणाली, "हे मी लिहून ठेवू का?" आणि लिहायला लागली. आईनं टॉवेल कधीच काढला होता. आता त्यालाच डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळपासून दोन्ही फोनांना उसंत नव्हती. कौतुकाचा रकाना दुपारीच भरला. साडेचारला पुन्हा घंटी वाजली.

"प्रेक्षक कक्ष. बोला."

"मी… एक प्रेक्षक बोलतोय." खोकला नाही. दुकानदार नाही, कारकून नाही. नुसता त्याचा आवाज. "एका पात्रात फार बदल झालाय, त्याबद्दल बोलायचं होतं."

"कुठल्या पात्रात?"

"आहे एक. आधी तो फक्त गुरुवारी फोन करायचा. आता त्याला रोज करावासा वाटतो. सकाळी उठल्यावर, चहा पिताना, आणि… म्हातारा झाल्यावर, खराखुरा खोकत असतानाही."

शेजारी काकूंनी आपला वाजणारा फोन खुशाल वाजू दिला.

"प्रेक्षकांना हा बदल पटेल का, माहीत नाही," तो म्हणाला. "मला एकाच माणसाचं मत हवंय. तुझं काय म्हणणं?"

अकरा वेळा 'तुमचं' म्हणाला होता. तिनं दोरीशी चाळा करणारी बोटं थांबवली. पेन्सिल उचलली.

"महाराज," ती म्हणाली, आणि तिचं हसू आवाजात उतरलं, "हे मी लिहून ठेवू का?"

पलीकडून अगदी हळू, "ठेव."

कौतुक, तक्रार, सूचना… कुठल्याच रकान्यात ते बसेना. शेवटी तिनं तिन्ही रकान्यांवरून सरळ आडवं लिहिलं. तारीख, वेळ, आणि 'हो'.

हा फोन मात्र तिनं खोडला नाही.