डब्यातला तांबडा दगड

आधीच सांगते, हे माझ्या घरात घडलंय. ऐकीव नाही.

मी बल्लारपूरला शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात भूतखेत, अंगारा-धुपारा कधी चालला नाही. बाबा असते तर हे लिहिल्याबद्दल त्यांनी मला चांगलंच झापलं असतं. त्यामुळं खाली कमेंटमध्ये मला अक्कल शिकवायला कुणी येऊ नका. जे मी स्वतःला शिकवू शकले नाही, ते तुम्ही काय शिकवणार.

गोष्ट मागच्या फेब्रुवारीतली. जागा, आलापल्लीहून एटापल्लीला जाणारा रस्ता. वेळ भर दुपारची.

अंधार नव्हता, अमावस्या नव्हती... काहीच नव्हतं.

पण त्याआधी आईचा डबा सांगायला हवा.

माझे बाबा, वामनराव, रेल्वेत होते. पास मिळायचा आणि पायाला भिंगरी होती. आई, बायनाबाई, पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून कायम तयार. अजिंठा, सांची, बोधगया, कुशीनगर. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या मंडळींबरोबर लुंबिनी, श्रीलंका, थायलंड. प्रत्येक ठिकाणाहून आई एक दगड आणायची. लोक फ्रीजवर चिकटवायच्या वस्तू आणतात, आमच्या मातोश्री दगड. बिस्किटाच्या जुन्या डब्यात ते सगळे ठेवलेले. कुठला कुठला ते फक्त तिलाच कळायचं, हातात घेतला की.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. रोज संध्याकाळी चहा झाला की आई डबा उघडायची, एक दगड उचलायची आणि त्या प्रवासाची गोष्ट सांगायची.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट श्रीलंकेतल्या अनुराधापूरची. तिथं अचानक पाऊस आला. छत्री नव्हती. बाबांनी अंगातला शर्ट काढून आईच्या डोक्यावर धरला आणि इतक्या परदेशी लोकांमध्ये नुसत्या बनियनवर चालत राहिले. "मले इतकी लाज वाटली ना बाई," असं म्हणून आई पदर तोंडाला लावून हसायची.

खोटं कशाला बोलू, बाबा आता त्या डब्यातच उरले होते. फोटोत ते नेहमी ताठ आणि गंभीर असायचे. हसणारे बाबा फक्त आईच्या गोष्टीत होते.

तर, फेब्रुवारीत एटापल्लीला मावसभावाचं लग्न होतं. परत येताना ड्रायव्हर लच्छूनं मध्येच गाडी थांबवली. रस्त्याकडेला दगडांचा ढीग होता. कमरेएवढा. लच्छूनं जमिनीवरचा एक दगड उचलून ढिगावर ठेवला, हात जोडले.

आईही पाय मोकळे करायला उतरली होती. ढिगाच्या पलीकडच्या बाजूतून तिनं एक दगड काढला. चपटा, तांबडा. पिशवीत टाकला.

मी पाहिलं. सवयच तिची.

गाडी निघाली. मी पुढं, आई मागं एकटी. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं. आई दाराला अगदी चिकटून बसली होती. पिशवी मांडीवर.

"आई, एवढी जागा आहे, ठेव ना पिशवी बाजूला."

"राहू दे," आई म्हणाली. "अडचण होते."

कुणाला... ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर तांबडा दगड डब्यात गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वह्या तपासत होते. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. डबा कपाटावर.

खट्...

दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज. मी मान वर केली. पुन्हा काही नाही. उंदीर असेल म्हटलं.

आई चहा घेऊन आली, डबा उघडला, लुंबिनीचा दगड काढला. "आमी तिघं त्या तळ्यापाशी बसलो होतो..."

"तिघं? तिसरं कोण?"

आईनं हातातला दगड उलटा केला. "होता ना एक जण," म्हणाली. "मागं मागं चालून राह्यला होता."

असेल कुणी नागपूरचा, असं मी म्हटलं.

पण मग बोधगयेच्या गोष्टीतही तो आला. मग सांचीच्या. सांचीला तर दोघंच गेले होते, मला पक्कं ठाऊक आहे. तो काही बोलायचा नाही. आधी मागं चालायचा. मग बाजूला चालायला लागला.

आणि दर वेळी, गोष्टीच्या आधी... खट्.

मी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार, तारीख, पंतप्रधान, सगळं विचारलं. आईनं सगळं बरोबर सांगितलं, वर दूधवाला कुठल्या दिवशी आला नव्हता तेही सांगितलं. बाबांच्या गोळ्यांची नावं तिला पाठ होती. "वय आहे, होतं थोडं इकडचं तिकडं," डॉक्टर म्हणाले.

घरातले बाबा तिला लख्ख आठवत होते. फक्त प्रवासातले बाबा...

त्या संध्याकाळी तिनं अनुराधापूरचा दगड उचलला.

"पाऊस आला. त्यानं अंगातलं काढून माह्या डोक्यावर धरलं..."

"त्यानं म्हणजे बाबांनी ना, आई?"

आई बराच वेळ दगड चोळत राहिली. हसली नाही. पदर तोंडाला लावला नाही.

"नाई वं," ती हळूच म्हणाली. "तुहे बाबा मागं राह्यले. लई मागं. मी हाका मारल्या... ते दिसेचनात."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबा एकदा गेले होते. आता दुसऱ्यांदा जात होते, आणि यावेळी मला दिसत होतं.

माझ्या शाळेतली शिक्षिका दुर्गा एटापल्लीकडचीच. मधल्या सुट्टीत मी तिला सगळं सांगितलं. दगडाचं ऐकलं आणि तिनं आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं. तिचं जेवण अर्धंच राहिलं होतं.

"तो ढीग कायले आहे माहीत आहे का तुले? कोणी वाटंतच मेला, घरी पोचलाच नाई, त्याच्यासाठी आहे. जाणारा-येणारा एक दगड ठेवते. म्हणजे 'तू इथीच थांब.' ठेवत राहा लागते. तुह्या आईनं तर काढून आणला."

"मग?"

"मग काय. त्याले वाटलं, नेऊन राह्यले आपल्याले."

माझा विश्वास बसला नाही. तरी रविवारी मी लच्छूची गाडी सांगितली आणि आईला डबा बरोबर घ्यायला लावला.

आईला सकाळपासून मळमळत होतं म्हणून यावेळी ती पुढं बसली, मी मागं. ढिगापाशी उतरलो. आईनं न पाहता डब्यात हात घातला आणि तांबडा दगड काढून माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. डबा सावलीत होता, तरी गरम होता.

मीच तो ढिगावर ठेवला. माझ्या हातानं. वर आणखी एक ठेवला. जंगलात एक पाखरू ओरडत होतं, ते मध्येच गप्प झालं.

परतताना आई झोपली. किती दिवसांनी अशी गाढ झोपली होती.

बल्लारपूरला उतरताना लच्छू मला म्हणाला, "ताई, अख्खी सीट मोकळी होती. तुमी दाराले चिकटून काऊन बसल्या?"

मी खाली पाहिलं. पर्स माझ्या मांडीवर होती.

संध्याकाळी आईनं डबा उघडला. आवाज आला नाही. तिनं अनुराधापूरचा दगड घेतला आणि म्हणाली, "तुह्या बाबानं शर्ट काढला ना बाई, मले इतकी लाज वाटली..." आणि पदर तोंडाला लावून हसली.

बाबा परत आले होते. मी आईला मिठी मारली.

मग तिनं अजिंठ्याचा दगड काढला. "हे तुले आठवते का? लहानशी होती तू. पायऱ्या पाहून रडे, बाबाचं बोट सोडेच ना."

कसं नाही आठवणार. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. ते अर्धं बोट माझ्या मुठीत बरोबर मावायचं. मी तेच धरून चालायचे.

मी डोळे मिटले. पायऱ्या दिसल्या. ऊन दिसलं. खाली वाघूर नदी दिसली. माझी छोटी मूठही दिसली...

"आठवलं का वं?" आई विचारत होती.

"हो," मी म्हटलं.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तिला तरी बाबा परत मिळालेत.

पण मी रोज डोळे मिटून पाहते. रोज तसंच दिसतं.

माझ्या मुठीत करंगळी आहे.

आणि ती... पूर्ण आहे.