चांदणी घरच्यानेच लावायची

बाजाराच्या दिवशी नीलेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत एक पोरगी दिव्यांच्या माळांचा ढीग पुढ्यात घेऊन उभी होती. एकेक माळ उचलायची, तिची वायर बोटांतून वीत-वीत सरकवायची, पिन उलटीसुलटी करून बघायची… आणि बाजूला ठेवायची. नीलेश रडकुंडीला आला होता.

"उषाताई, दुकानातल्या बठ्ठ्या माळा झाल्या तुमच्या! गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"हिला मध्येच जोड आहे, नीलेशभाऊ. वर नुसती चिकटपट्टी मारलीय. ही नको."

मागे कुणीतरी हसलं. उषा गर्रकन वळली. उंच, उन्हाने रापलेला, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं टाकलेला एक तरुण उभा होता.

"हसायला काय झालं?"

"काही नाही… मला वाटलं, माळ घेताय. तुम्ही तर जावई पसंत करताय."

"जावई वाईट निघाला तर माणूस रडून मोकळं होतं," उषा म्हणाली. "माळ वाईट निघाली तर रडायलाही कोणी उरत नाही घरात."

सगळं दुकान हसलं. तो मात्र हसायचा थांबला. शेवटच्या शब्दांवर तिचा आवाज किंचित हलला होता, आणि ते त्याच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं. त्याने हात लांबवून वरच्या फळीवरची एक माळ काढली, स्वतःच्या बोटांतून टोकापासून टोकापर्यंत सरकवली आणि तिच्यापुढे धरली.

"ही घ्या. जोड नाही, वायरही जाड आहे. मीपण असंच बघतो… माझी दोरी. रोज, चढायच्या आधी."

"चढायच्या? कुठे?"

त्याने दुकानाबाहेर, पश्चिमेच्या टेकड्यांकडे बोट केलं. तिथे पवनचक्क्यांची रांग आपली पांढरी पाती सावकाश फिरवत उभी होती. उषाने ती रांग पाहिली, माळ घेतली आणि पुढे एक अक्षर न बोलता निघाली. तिला राग कसला आला हे त्या बापड्याला कळलंच नाही.

साक्रीसारख्या गावात योगायोगाला फार पायपीट करावी लागत नाही. नशिराबादच्या पाटलांचा हा अभिमन पवनचक्कीच्या कामावर नुकताच आला होता आणि त्याने खोली घेतली होती ती नेमकी उषाच्या गल्लीत, समोरच्याच बाजूला. सकाळी बालवाडीत निघताना तिने दार उघडलं, तर हा समोर बुटाची नाडी बांधत बसलेला.

"माळ कशी निघाली?" त्याने विचारलं.

"अजून तरी रडवलं नाही."

मग रोजच काहीतरी निघू लागलं. कधी त्याला चहापत्ती हवी असायची, कधी उषाच्या घरातला बोर्ड ठिणग्या टाकायचा. उषाची आई गुंताबाई. तिला तो पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागला आणि तीही त्याला ताटात भाकरी वाढू लागली. बोर्ड दुरुस्त करताना त्याला कळलं, की या ख्रिस्ती घरात नाताळचे नियम निराळेच आहेत. एका बोर्डावर एकच माळ. वायरीवर खिळा ठोकायचा नाही. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत वाळला पेंढा असतो म्हणून तिच्याजवळ मेणबत्ती नाही. झोपताना सगळं बंद. हे सगळे कायदे उषाचे, आणि गुंताबाई ते मुकाट पाळायची.

"आणि बाहेर? गल्लीत बठ्ठ्यांच्या घरांवर चांदण्या लागल्यात. तुमच्याच छताच्या कठड्यावर काही नाही."

उषाच्या हातातला कप तसाच राहिला. गुंताबाई उठून आत गेली.

मग उषाने सांगितलं. तिचे वडील सुकलाल. त्यांची चांदणी साऱ्या गल्लीत उंच, कामट्यांची, स्वतः बांधलेली. तीन वर्षांपूर्वी नाताळची गाणी म्हणणारी मंडळी संध्याकाळी दारात येणार म्हणून मायने सकाळी अंगण शेणाने छान सारवून घेतलं. सणाच्या दिवशी कोण सारवत नाही? आणि त्याच ओल्या सारवणावर सुकलालनी शिडी टेकली. 'दोन मिनिटांचं काम', म्हणाले. शिडी धरायला कुणाला हाकही मारली नाही. पाय सटकला तो शिडीचा, त्यांचा नव्हे. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"तेव्हापासून माय नाताळात अंगण सारवत नाही," उषा म्हणाली. "आणि चांदणी माळ्यावर आहे."

अभिमन उठून दारातून कठड्याकडे बघून आला. मग हळूच म्हणाला, "मी लावू का? माझं कामच ते आहे."

"तुम्हाला नाही लावता येणार."

"का?"

"आमच्यात चांदणी घरच्यानेच लावायची असते. जो लावतो, तो वर्षभर त्या घराचा. घराच्या बऱ्यावाइटाला तो बांधील. परक्याचा हात चालत नाही."

"असं…" तो कपाच्या तळाकडे बघत म्हणाला. "मग घरचं व्हायला काय लागतं?"

उषा कप उचलायला वळली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्या काही तिच्या कायद्यात बसत नव्हत्या!

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून चांदणी काढली. लावायला नाही, नुसती बघायला, असं स्वतःला बजावून. कामट्या धड होत्या, कागद चिंध्या झाला होता. ती नवा कागद चिकटवायला बसली तसा अभिमन उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"अक्का, खळीचं भांडं धरलं तर चालतं का परक्याने?"

गुंताबाईने चुलीपाशी बसूनच त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "भांडं धर, चालस. चांदणीले हात नको लावू."

मग तो भांडं धरून बसायचा आणि ती कागद लावायची. दोघांच्या मध्ये चांदणी. बोलताना तो वरच्या गोष्टी सांगायचा. चक्कीच्या आत शिडी असते, कमरेच्या पट्ट्याला दोन हूक असतात. "एक हूक काढायचा नाही, दुसरा अडकवल्याशिवाय. कितीही घाई असो. म्हणजे माणूस एक क्षणही मोकळा नसतो."

"एक क्षणही?"

"हल्ली तर खाली आल्यावरही नसतो…" तो म्हणाला, आणि खळ हलवू लागला. खळ केव्हाच ढवळून झाली होती.

प्रेम प्रेम म्हणतात ते हेच असावं. उषा संध्याकाळी पाच वाजल्यापासून विनाकारण दाराची चौकट पुसू लागली. त्याची जीप गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायची, ही आत पळायची, आणि तो दारावरून जाताना नेमकी पुन्हा बाहेर यायची. गल्लीतल्या बायकांना जे समजायचं ते समजलं होतं.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला.

दुपारीच आभाळ भरून आलं. डिसेंबरात कधी नव्हे तो वारा सुटला, पत्रे वाजू लागले. बालवाडीच्या खिडकीतून उषाला टेकड्या दिसत होत्या. पोरांना ती गाणं शिकवत होती आणि ओळी विसरत होती. पाच वाजले, सहा झाले. जीप आली नाही. फोन लागत नव्हता. ती दारात उभी राहिली आणि टेकड्यांकडे बघत राहिली. हात गार पडले. तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या रस्त्याने जाताना पडले होते तसेच. देवा, एवढं एकदा खाली येऊ दे त्याला, एवढं एकदा…

दिवेलागणीला जीप आली. अभिमन उडी मारून उतरला, हात काळे, दात पांढरे.

"पंक्चर! तेही दोनदा! आणि वारा होता म्हणून आज वर चढलोच नाही आम्ही. दिवसभर खालीच पत्ते कुटत बसलो."

तो हसत होता. उषाला हसता येईना. ती आत गेली आणि भिंतीला टेकून रडली, तो धडधाकट आला म्हणून रडली. गुंताबाई तिच्याजवळ येऊन बसली. तिने डोक्यावरून हात फिरवला.

"पोरगा सोन्यासारखा शे," ती म्हणाली. "पण चढणारा माणूसले मी मनी पोर देवाव नई."

"माय…"

"मी एकच दिन वर देखं, पोरी. तुले रोज देखनं पडी."

लोक उद्या म्हणाले असते, जात आडवी आली, धर्म आडवा आला. तेही आले असते, त्यांना कधी उशीर होत नाही. पण त्यांच्या आधी इथे एक शिडी आडवी आली होती. आणि उषाला कळून चुकलं, की माय नाही म्हणाली म्हणून नव्हे, तिच्या स्वतःच्याच हातपायांनी आज नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंगणात तो आला तेव्हा भांगबिंग नीट पाडून आला होता. "उषा," त्याने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं, "मला या घरचं व्हायचंय. माझ्या घरी मी बघतो काय ते. तुझं सांग."

उषाने खरं तेच सांगितलं. कालची संध्याकाळ सांगितली, गार पडलेले हात सांगितले. "तुम्ही मला आवडता, अभिमन. फार आवडता. म्हणूनच जमायचं नाही मला."

तो एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "एवढंच ना? मी खाली उतरतो. नशिराबादला हायवेवर थोरल्या भावाचं टायरचं दुकान आहे. तिथे बसेन. जमिनीवर."

तिचं मन केवढ्याने उचंबळलं! हो म्हणायला तिने तोंडही उघडलं. पण त्याऐवजी म्हणाली, "वरून काय दिसतं ते सांगा ना… पुन्हा एकदा."

"वरून?" तो लगेच वळला टेकड्यांकडे. "सकाळी चढलो ना, की आधी पांझरा नदी दिसते, चकाकणारी. मग धुकं खाली राहतं आणि आपण वर. घारी आपल्या पायांखाली फिरतात, उषा! पहिल्यांदा चढलो तेव्हा मला वाटलं, एवढे दिवस आपण नुसते वाकून जगत होतो. आणि पातं थांबवलं की असं शांत…"

बोलता बोलता तो थांबला. तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"हे टायरच्या दुकानातून दिसेल?" तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. खोटं त्याला येत नव्हतं, हेही तिला त्याचं आवडायचं.

"आज माझ्यासाठी उतराल. दहा वर्षांनी रोज टेकड्यांकडे बघाल, आणि मी तुमच्याकडे बघेन. तेही मला सोसायचं नाही."

"मग मी कोणता हूक काढू, सांग तूच," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दुसरा कुठे अडकवायचा, तेच दिसत नाही."

तिलाही ते दिसत नव्हतं. कोरड्या अंगणातली धूळ वाऱ्याने थोडी उडाली आणि खाली बसली.

त्याने गुजरातकडच्या कामावर बदली मागून घेतली. जायच्या सकाळी तो ड्रिल मशीन आणि सिमेंटची पुडी घेऊन आला. "चांदणीला हात लावत नाही, अक्का. भिंतीला लावला तर चालेल?" मग सुकलालची जुनी शिडी त्याने मागच्या पडवीतून काढली, तिच्या किडलेल्या दोन पायऱ्या बदलल्या, आणि कठड्याखाली, शिडीचं टोक येतं तिथे, डावी-उजवीकडे दोन लोखंडी कड्या पक्क्या केल्या.

"खाली एकाने धरायचं. वर गेलं की शिडी दोरीने आधी या कडीला बांधायची, मग त्या कडीला. नंतरच दोन्ही हात सोडायचे. काठी बांबूचीच, लोखंडी पाइप नको. गल्लीतून तारा गेल्यात." तो उषाकडे न बघता सांगत होता. "सिमेंट चांगलं सुकू द्या. घाई करायची नाही."

"नाही करणार," उषा म्हणाली.

दुपारच्या सुरतच्या एसटीने तो गेला. ती स्टँडवर गेली नाही. बालवाडीत पोरांना नाताळचं गाणं शिकवत राहिली, आणि या वेळी एकही ओळ विसरली नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, गाणारी मंडळी यायच्या आधी, गुंताबाई चांदणी घेऊन अंगणात आली. उषा बघतच राहिली.

"कोण लावणार, माय?"

"घरनं माणूस तूच शे आते." गुंताबाईने कोरड्या मातीवर गोणपाट अंथरलं, त्यावर शिडी नीट टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. तीन वर्षांत तिने शिडीला बोट लावलं नव्हतं. "चढ. मी धरेल शे."

उषा चढली. नव्या पायऱ्यांना अजून कोऱ्या लाकडाचा वास होता. आधी डावी कडी, मग उजवी. गाठ मारताना तिची बोटं लोखंडावर जराशी रेंगाळली. मग तिने बांबू कठड्याला बांधला, चांदणी वर सरकवली, आणि खाली गुंताबाईने शेजारच्या पोरीला हाक मारून बटण दाबायला सांगितलं. कागदातून पिवळा उजेड पसरला. बाबांची चांदणी पुन्हा गल्लीत सर्वांत उंच होती.

पश्चिमेला अंधारून येत होतं. टेकड्यांवर, चक्क्यांच्या माथ्यावर तांबडे दिवे एकामागून एक लागले आणि उघडझाप करू लागले. इतक्या उंचीवरून ते पहिल्यांदाच सगळेच्या सगळे दिसत होते. त्यातल्या एकाही दिव्याखाली तो नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बघत राहिली.

"दिखस का काही?" खालून मायने विचारलं.

उषाने डोळे पुसायला एक हात सोडला. दुसरा कडीला घट्ट धरून ठेवला.

"काही नाही, माय," ती म्हणाली. "मी खाली येईपर्यंत तू सोडू नको."