कॅसेटमधली फुंकर

हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर नोकरी जाणार नाही, पण उद्यापासून डबा एकटीने खावा लागेल. घडलंय ते मात्र शंभर टक्के खरं. आणि रात्री-बिरात्री नाही... मंगळवारी, भर दुपारी सव्वातीनला, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

आधी माझं सांगते. मला किळस फार पटकन येते. कुणाच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी मी पीत नाही, नवऱ्याच्यासुद्धा. तो मला 'फिनेल' म्हणतो. म्हणू दे.

आमची कंपनी जुने व्हिडिओ गेम पुन्हा बाजारात आणते. ज्यांच्यापायी आपण लहानपणी डोळे फोडून घेतले तेच गेम, आता नव्या मशीनवर, डाउनलोड करून. कॅसेट नको, काही नको. जुना आणि नवा शेजारी लावून ताडून बघायचं, हे माझं काम. बेडूक जुन्यात जशी उडी मारतो, तश्शीच नव्यात मारली पाहिजे.

हो, बेडूकच. विहिरीत उतरणाऱ्या बेडकाचा एक गेम होता. कंपनीने त्याचे हक्क घेतले, पण बनवणाऱ्यांनी मूळ फाइल केव्हाच हरवून टाकली होती. चालू कॅसेट मिळाली, तरच तिच्यातून गेम काढता येणार होता.

"माझ्या आत्याकडे आहे," मी बोलून गेले.

माझ्या जिभेला हाडच नाही.

ती कॅसेट आत्याच्या मुलीची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. सुट्टीभर आम्ही तोच गेम खेळायचो. कॅसेट अडली की ताई तिच्यात जोरात फुंकर मारायची, की लगेच चालू. मग ताईच्या छातीचं दुखणं सुरू झालं. फुंकरीबरोबर थुंकी उडायला लागली. घट्ट, पिवळट. कॅसेटच्या कडेला चिकटून राहायची. तिच्या श्वासाला वास यायचा, कफाचा आणि गोड औषधाचा.

एकदा तिने फुंकून कॅसेट माझ्या हातात दिली. मी ती तिच्यासमोरच फ्रॉकला पुसली. दोनदा. वर "शी" म्हटलं.

ताई फ्रॉकवरच्या डागाकडे नुसती बघत राहिली.

आठ दिवसांनी ती गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच. पंचवीस वर्षं हे मला आतून खातंय. आणि खोटं कशाला बोलू, ती थुंकी आठवली की आजही मला मळमळतं.

आत्याने कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. "ती गेल्यापासून कुणी हात लावला नाही गं," ती म्हणाली. "घेऊन जा. चालली तर मला कळव."

आमच्याकडे जुनी मशीन उघडून दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. मंगळवारी त्यांनी कॅसेट लावली. पडदा काळाच.

"मारा फुंकर," डॉक्टर हसले. "आपल्या वेळचं औषध."

सवयीने मी कॅसेट तोंडाशी नेली. फुंकर मारली.

आणि...

आतून कुणीतरी परत मारली.

गरम. ओलसर. थेट माझ्या ओठांवर. तिला वास होता... कफाचा आणि गोड औषधाचा.

मी बाथरूममध्ये आतडी पिळवटेपर्यंत ओकले. परत आले, तर डॉक्टर दोन बोटांत कॅसेट धरून उभे. तिच्या कडेने पिवळट धार ओघळत होती.

"किती थुंकता हो मॅडम," ते म्हणाले.

कॅसेट मात्र चालू झाली. तासाभरात त्यांनी गेम उतरवून घेतला. नव्या मशीनवर लावला, तेव्हा माझ्या कानाला हेडफोन होता. बेडूक दिसायच्या आधी, काळ्या पडद्यावर...

फू.

गेममधल्या आवाजाच्या सगळ्या फाइल मी एकेक करून ऐकल्या. त्यांत फुंकर नव्हती. डॉक्टरांनीही शोधली, त्यांनाही सापडली नाही. साहेबांना सांगायला गेले, तर साहेब खूश.

"मस्त कल्पना आहे. लोकांना लहानपण आठवेल. राहू दे."

गेम बाहेर पडला. हजारो लोकांनी घरोघरी उतरवून घेतला. त्यांची मतं मी रोज वाचत होते. 'ती फुंकर ऐकून डोळ्यांत पाणी आलं.' 'ज्याला हे सुचलं त्याला सलाम.' आणि मध्येच एक... 'ही फुंकर गरम कशी लागते?'

माझी लेक चिमी सात वर्षांची आहे. तिने बाबाच्या मागे लागून तो गेम घरी डाउनलोड करून घेतला. रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत आले, तर ती टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. पडदा काळा.

फू.

तिच्या कपाळावरचे केस उडाले. खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता. तिच्या गालावर ओले ठिपके होते.

"पूस ते," मी ओरडले. "आधी पूस."

"नको गं आई. पुसलं की तिला वाईट वाटतं."

ताईबद्दल मी चिमीला कधी चकार शब्द सांगितलेला नाही.

मी तिला आत पाठवलं. तिच्या जागी बसले आणि गेम पुन्हा सुरू केला. मनाशी ठरवलं, काही झालं तरी हात उचलायचा नाही.

"ताई," मी म्हटलं, "चुकलं माझं."

पडदा काळा झाला...

फुंकर आली. या वेळी अगदी हळू, जवळून. ओठांवर काहीतरी कोमट, घट्ट चिकटलं. ते तोंडाच्या कोपऱ्याकडे ओघळायला लागलं...

आणि मी बाहीने तोंड पुसलं. दोनदा.

"शी" म्हटलं नाही, तेवढंच.

तेव्हापासून आमच्या घरी फुंकर येत नाही. गेम सुरू केला की सरळ बेडूकच दिसतो. बाकी लोक अजून लिहितात, त्यांच्याकडे येते. चिमी माझ्याशी नीट बोलत नाही. आत्याला मी फोन केलेला नाही. काय सांगू, चालली म्हणून?

कॅसेट माझ्या कपाटात आहे. काल पिशवी उघडून पाहिली.

ओली होती...

अजून पुसलेली नाही. पण हात शिवशिवतोय.