उकाड्यातला कोट

तिला सगळे कडकताई म्हणत. इस्त्रीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण शनिवारी सकाळी तिच्या लाँड्रीत एक अनोळखी तरुण शिरला आणि तिचा सगळा कडकपणा पहिल्याच नजरेत पातळ झाला.

"एकच शर्ट आहे. इथेच थांबलो तर चालेल?"

"थांबा की... जागा काय माझ्या बापाची आहे?" ती म्हणाली. खरं तर बापाचीच होती.

तो हसला. गालाला खळी पडली. ती खळी नीट पाहून होईपर्यंत करपल्याचा वास आला. शर्टाच्या पाठीवर डाग उमटला होता, टोकासकट, थेट इस्त्रीच्या आकाराचा.

"हा... आधीपासूनच होता," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने डागाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या इस्त्रीकडे पाहिलं आणि शर्टाची घडी घालून घेऊन गेला. रविवारच्या शाळेत मुलांना 'खरं बोला' म्हणून शिकवणारी ही बाई! त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बघते तर पुढच्याच बाकावर तो. उकाड्याने जीव नकोसा झालेला, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते, आणि या माणसाच्या अंगात लोकरीचा काळा कोट.

"वेड लागलंय का त्याला?" शेजारी बसलेली तिची आई कुजबुजली आणि पुढे वाकली. "बाळा, काढ तो कोट. भोवळ येईल."

"राहू द्या मावशी. आज अंगावरच बरा आहे," तो घाम पुसत म्हणाला.

कोटाच्या गळ्यातून कालच्याच शर्टाची कॉलर डोकावत होती; चांगला शर्ट त्याच्याकडे तेवढाच असावा. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तीत लाँड्री एकच. तो डाग दिसला असता तर कुणाचा प्रताप, हे विचारावंही लागलं नसतं. हा माणूस तिची लाज झाकायला स्वतः शिजत होता. तिला रडू आलं, आणि तो इतका आवडला की तिची तिलाच भीती वाटली.

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देण्याआधी पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, "कुणाशी बिनसलं असेल तर आधी मिटवा, मगच पुढे या."

सगळे वळून एकमेकांशी हात मिळवू लागले. तोही वळला. खरं सांगावं तर आपण याच्या मनातून उतरणार, आणि न सांगता मेजापाशी जावं तर पाय उचलेना. तिने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"तो डाग... आधी नव्हता. मी जाळला शर्ट. तुमच्याकडे बघत होते."

"माहीत आहे. टोक अगदी स्वच्छ उमटलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने?" आता त्याचे कान लाल झाले. "शर्ट इस्त्रीचाच होता. तुमच्या दाराबाहेर उभं राहून मीच चुरगाळला. गेल्या रविवारी तुम्हाला गाताना ऐकलं... ओळख कशी काढावी, सुचेना."

एव्हाना बाकी सगळे बसले होते. पाळकसाहेब खाकरले. "मिटलं का?"

"मिटलं," ती म्हणाली. मग हळूच त्याला, "काढा आता तो कोट. बघू दे सगळ्यांना."

रांगेत तो पुढे, पाठीवर करपलेली इस्त्री मिरवत, मागे ती आणि तिच्यामागे आई.

"अगं बाई, याचा शर्ट कुणी जाळला?"

"मी," कडकताई शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "नवा मीच घेऊन देणार आहे."

"नवा नको," तो मागे न वळता म्हणाला. "लग्नातसुद्धा हाच घालीन म्हणतो... तुमची हरकत नसेल तर."

"वर कोट नसेल तर हरकत नाही," ती म्हणाली, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला नाही.