राहिलेली ओळ

"पेन इथंच ठेवा. आत फक्त शिसपेन्सिल."

एवढं बोलून त्यानं तिच्या हातातलं पेन चक्क काढून घेतलं! वरचं वाचनालय भरलेलं, म्हणून ती आपल्या पहिल्या कादंबरीची प्रुफं घेऊन खाली जुन्या हस्तलिखितांच्या दालनात शिरली होती. ती हस्तलिखितं सांभाळणारा हा. जाड चष्मा, हळू आवाज आणि तोरा मात्र राजाचा.

"शाई सांडली, तर सहाशे वर्षं वाया जातात," तो म्हणाला.

"आणि माझं पेन हरवलं तर?"

"तर... रोज विचारायला या."

पेन संध्याकाळी परत मिळायचं, तरी बाईसाहेब दुसऱ्या दिवशी हजर!

एकदा त्यानं तिला एक गंमत दाखवली. पोथीची नक्कल करताना कुणा जुन्या लेखनिकाकडून एक ओळ गळली होती. त्या लेखनिकानं ती पानाच्या तळाशी लिहिली आणि शेजारी एक इवलासा माणूस काढला – दोरी लावून ती ओळ वर, तिच्या जागी ओढणारा. ती इतकी खळखळून हसली, की पलीकडच्या प्राध्यापिकाबाईंनी डोळे वटारले.

गुरुवारी ती ऐटीत म्हणाली, "माझ्या कादंबरीतला ड्रॅगन ऐका. सशाचे कान, आणि गडगडाटाला घाबरतो. जगात कुणाला सुचला नसेल!"

तो उठला. मग आतून एक जाड ग्रंथ आणून त्यानं अलगद उघडला... सशाचे कान. चित्रात ढगांखाली अंग चोरून बसलेला. तोच!

तिचं अवसानच गळालं. कादंबरी सोमवारी छापायला जायची होती आणि तिचा सगळा जीव त्या ड्रॅगनमध्ये होता.

"म्हणजे माझं असं काहीच नाही. काढून टाकते त्याला."

"सुचला कसा?"

"लहानपणी आत्या गोष्ट सांगायची..."

"आणि आत्याला कुणी सांगितली?"

"तिच्या आत्यानं."

"या चित्रकारालाही कुणाच्या तरी आत्यानंच सांगितली असेल. शापित राजे, बोलणारे पक्षी, जादूच्या तलवारी – आजच्या अद्भुत कादंबऱ्यांचं सगळं गणगोत या कपाटांत आहे. पण इथं हा एकटाच थरथरतोय. तुमच्याकडे?"

"राजकन्या त्याचे कान झाकते," ती पुटपुटली.

"ते इथल्या एकाही पानावर नाही. मी सगळी पाहिलीत. प्रुफं ठेवून जा, वाचतो."

शुक्रवारी त्यानं गठ्ठा परत दिला, तेव्हा त्याचेच कान लाल झाले होते. ड्रॅगनवर कुठं काट नव्हती. फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी, शिसपेन्सिलीनं, एक चष्मेवाला इवलासा माणूस दोरीनं ओळ ओढत होता – 'ही गोष्ट लिहिणारी मुलगी मला फार आवडते.'

"खोडता येईल," तो कपाटाकडे बघत म्हणाला. "शिसपेन्सिल आहे..."

तिनं त्याच्याच खिशातली पेन्सिल काढली. त्या माणसामागं एक मुलगी रेखाटली – बाह्या सरसावलेली, दोन्ही हातांनी दोरी धरलेली.

"एकट्याला झेपणार नाही तुला," ती म्हणाली.

'तुला' ऐकून त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि... ड्रॅगन?"

"राहतोय! त्याचे कान आता दोघं मिळून झाकू."